छोट्या पवनचक्कीचा कंट्रोलर लावताना या चुका टाळा

वारा भरपूर आहे, पाती फिरताहेत, तरी वीज कमीच येते, अशी तक्रार असली की लोक पाती नाहीतर जनित्र बदलायला निघतात. माझं ऐकाल तर आधी कंट्रोलर, म्हणजे जनित्रातून किती वीज ओढायची हे ठरवणारं उपकरण, तपासा.

पात्यांच्या टोकाचा वेग वाऱ्याच्या वेगाच्या ठरावीक पट असतो, तेव्हाच चक्की सर्वांत जास्त ऊर्जा घेते. तीन पात्यांच्या चक्कीत ही पट साधारण ६ ते ८ असते. म्हणजे वारा वाढला की फेरेही त्याच प्रमाणात वाढले पाहिजेत. रेक्टिफायर (एसी विजेची डीसी करणारा भाग) लावून जनित्र थेट बॅटरीला जोडलं तर नेमकं हेच होत नाही. बॅटरी व्होल्टेज बांधून ठेवते, म्हणून फेरे फारसे वाढत नाहीत आणि जोराच्या वाऱ्यात पात्यांची वाऱ्यावरची पकड सुटते. वाऱ्यातली शक्ती वेगाच्या घनाने वाढते, त्यामुळे ऐन कमाईच्या वेळीच मोठं नुकसान होतं.

सोलरचा एमपीपीटी (सर्वांत जास्त वीज कुठे मिळते ते शोधत राहणारा कंट्रोलर) उचलून पवनचक्कीला लावणं ही सगळ्यात फसवी चूक. तो लोड, म्हणजे जनित्रावरचा भार, थोडा बदलतो, वीज वाढली का पाहतो आणि वाढली तर त्याच दिशेने पुढे जातो. इथे मात्र त्याच क्षणी झुळूक आली तर तो श्रेय स्वतःच्या बदलाला देतो. शिवाय लोड वाढवला की फिरत्या पात्यांत साठलेली ऊर्जा बाहेर पडते आणि काही क्षण वीज खरोखरच वाढते. कंट्रोलर आणखी लोड टाकतो, फेरे कोसळतात.

त्यापेक्षा फेऱ्यांनुसार किती वीज ओढायची याचा तक्ता भरता येईल असा कंट्रोलर घ्या. फेरे दुप्पट झाले तर वीज आठपट, या हिशेबाने तक्ता भरायला सुरुवात करा. मग वारा स्थिर असताना लोड किंचित कमी करा आणि फेरे स्थिरावेपर्यंत थांबा. घाईत घेतलेलं रीडिंग वर सांगितलेल्या कारणानेच खोटं ठरतं. वीज वाढली तर आधी लोड जास्त होता. घटली तर उलट दिशेने जा. एकाच झुळुकीवर निकाल देऊ नका, फेरे आणि वॅट यांची नोंद बरेच दिवस ठेवा.

१२ व्होल्टच्या यंत्रणेत रेक्टिफायरच सव्वा-दीड व्होल्ट खातो, वर लांब बारीक वायरही व्होल्टेज खाते. शक्य असेल तिथे जास्त व्होल्टेजची यंत्रणा निवडा.

डम्प लोड, म्हणजे जादा वीज उष्णतेत घालवणारा भार, मात्र कधीही वगळू नका. बॅटरी भरल्यावर सोलर पॅनेलची जोडणी नुसती तोडली तरी चालतं. चक्कीचा लोड तोडला तर पाती मोकाट सुटतात, व्होल्टेज चढतं, कंट्रोलर जळतो आणि पातीही तुटू शकतात. डम्प लोड चक्कीच्या कमाल क्षमतेपेक्षा मोठा ठेवा, आणि वादळी मोसमाआधी तो खरोखर चालू होतो का, हे स्वतः तपासा.