सरहद्दीवरच्या वाटाड्याचा आणि दुभाष्याचा कागदोपत्री माग कसा काढावा

अमेरिकेच्या पश्चिम सरहद्दीवर एकोणिसाव्या शतकात लष्कराने ज्या मोहिमा केल्या, त्यांच्या वृत्तांतांत वाटाड्यांची आणि दुभाष्यांची नावे पावलोपावली भेटतात. नाव एका वाक्यात येते आणि पुढच्या वाक्यात नाहीसे होते. तो माणूस कोण होता, कोणत्या भाषा बोलत होता, त्याला कोणी नेमले आणि मोहीम संपल्यावर त्याचे काय झाले, हे सेनाधिकाऱ्यांच्या आठवणींत सहसा मिळत नाही. ते दप्तरांतून शोधावे लागते आणि त्यासाठी काही शिस्त पाळावी लागते.

शोधाची सुरुवात पगारापासून करावी. या माणसाला पैसे कोणत्या खात्यातून मिळत होते, हा पहिला प्रश्न आहे, कारण त्याच्या उत्तरावर पुढचे दप्तर ठरते. २८ जुलै १८६६ च्या कायद्याने राष्ट्राध्यक्षांना जास्तीत जास्त एक हजार इंडियन, म्हणजे अमेरिकेतील मूळ रहिवासी, माणसे वाटाडे म्हणून लष्करात भरती करण्याचा अधिकार मिळाला आणि त्यांना घोडदळाच्या सैनिकाइतका पगार व भत्ते ठरले. हे लोक रीतसर शपथ घेतलेले सैनिक होते. त्यांच्याबरोबरीने अनेक गोरे, मिश्रवंशीय आणि कृष्णवर्णीय वाटाडे व दुभाषे काम करीत असत. त्यांना क्वार्टरमास्टर, म्हणजे लष्कराला सामान पुरवणारे, खाते महिन्याच्या बोलीवर ठेवीत असे आणि कायद्याच्या दृष्टीने ते नागरी नोकर होते. वृत्तांतांत दोघांनाही ‘स्काउट’ हाच शब्द वापरलेला असतो, म्हणून नवखा अभ्यासक चुकीच्या दप्तरात महिनोन्महिने शोधत राहतो.

हा भेद केवळ हिशेबाचा नव्हता. १८७२–७३ च्या हिवाळ्यातील ॲरिझोनाच्या मोहिमेतील कामगिरीबद्दल अपाची जमातीच्या दहा वाटाड्यांना १८७५ मध्ये मेडल ऑफ ऑनर हे लष्करी शौर्यपदक मिळाले. ते भरती झालेले सैनिक असल्याने त्या पदकाला पुढे कोणी हरकत घेतली नाही. याउलट विल्यम कोडी, बिली डिक्सन, एमोस चॅपमन यांच्यासह पाच नागरी वाटाड्यांची पदके १९१७ मध्ये रद्द झाली, कारण पदक मिळवण्यासाठी ते सैनिक असायला हवे होते. ती १९८९ मध्ये परत देण्यात आली. एखाद्या वाटाड्याच्या नावापुढे पदक कधी दिसते आणि कधी दिसत नाही, याचे कोडे पुष्कळदा इथेच सुटते.

माणूस भरती झालेला असेल, तर वॉशिंग्टन येथील नॅशनल आर्काइव्ह्जमधील भरतीच्या नोंदवह्या पाहाव्यात. इंडियन वाटाड्यांच्या वह्या १८६६ पासून १९१४ पर्यंतच्या असून त्या मायक्रोफिल्मवर उपलब्ध आहेत. नाव, वय, उंची, जन्मस्थान, भरतीची तारीख व ठिकाण, भरती करणारा अधिकारी, मुदत, सेवेतून सुटकेचे कारण आणि शेरा असे रकाने त्यांत असतात. वाटाड्यांची मुदत बहुधा अल्प, पुष्कळदा सहाच महिन्यांची असे, म्हणून एकाच माणसाच्या दहा-दहा नोंदी सापडू शकतात. दोन नोंदींमध्ये पोकळी दिसली की तो पळून गेला असा तर्क करू नये. त्या काळात तो घरी होता, किंवा त्याच ठाण्यावर नागरी नोकर म्हणून काम करीत होता, असेही संभवते. शेऱ्याचा रकाना मात्र कधीही वगळू नये. ‘लढाईत ठार’ हे दोन शब्द तिथेच मिळतात.

नागरी नोकर असेल, तर क्वार्टरमास्टरच्या त्या मासिक याद्या काढाव्यात, ज्यांत भाड्याने घेतलेली माणसे आणि वस्तू एकत्र नोंदलेल्या असतात. खेचरे हाकणारा, लोहार आणि दुभाषी हे तिथे एकापाठोपाठ एक दिसतात. आयझाया डॉर्मन या कृष्णवर्णीय दुभाष्याचे उदाहरण घ्या. तो डकोटा प्रदेशात राहत होता, त्याची पत्नी डकोटा जमातीची होती आणि १८७६ च्या लाकोटा जमातीविरुद्धच्या मोहिमेसाठी त्याला महिना ७५ डॉलरवर नेमले होते, तर त्या वेळी साध्या सैनिकाचा पगार १३ डॉलर होता. लष्कराला भाषेची किती निकड होती, हे या दोन आकड्यांतून दिसते. डॉर्मन २५ जून १८७६ रोजी लाकोटा व शायन यांनी लष्कराला हरवले त्या लिटल बिगहॉर्नच्या लढाईत मारला गेला. याद्यांना जोड म्हणून प्रत्येक ठाण्याची मासिक विवरणपत्रे पाहावीत; कोणती तुकडी कोणत्या दिवशी बाहेर पडली आणि कधी परतली, हे त्यांतून कळते व इतर कागदांतील तारखा पडताळता येतात.

नावांचा घोळ सगळ्यांत जास्त वेळ खातो. इंडियन माणसाचे नाव एखाद्या नोंदीत कानाला लागले तसे लिहिलेले असते, दुसरीत त्याचा इंग्रजी अर्थ दिलेला असतो आणि तिसरीत सैनिकांनी पाडलेले टोपणनाव असते. लष्कराचा सेनापती जनरल क्रूक याला १८८३ मध्ये मेक्सिकोतील सिएरा माद्रे डोंगरांत नेणारा त्सोए हा अपाची बहुतेक कागदांत ‘पीचेस’ म्हणूनच आढळतो. दुभाषी फ्रँक ग्रुआर्डला लाकोटा लोक ‘ग्रॅबर’ अशा अर्थाच्या नावाने ओळखत. अरिकारा भाषेचा दुभाषी फ्रेडरिक जेरार्ड याचे आडनाव दोन-तीन प्रकारे लिहिलेले सापडते, आणि क्रो जमातीच्या वाटाड्यांबरोबर असलेल्या मिच बॉयरचीही तीच गत आहे. यासाठी आरंभीच एक स्वतंत्र पान करून सगळी रूपे त्यावर टिपावीत. दोन नोंदी एकाच माणसाच्या आहेत असे केवळ नावावरून कधीही ठरवू नये. वय, जन्मस्थान, भरती करणारा अधिकारी आणि तारीख यांपैकी निदान दोन गोष्टी जुळल्या पाहिजेत.

नावांचा गुंता सोडवायला निवृत्तिवेतनाच्या फाइली फार उपयोगी पडतात. ४ मार्च १९१७ च्या कायद्याने १८५९ ते १८९१ या काळातील इंडियन युद्धांत काम केलेल्या सैनिकांना व त्यांच्या विधवांना निवृत्तिवेतनाचा हक्क मिळाला. अर्ज करणाऱ्याला आपण तोच माणूस आहोत हे सिद्ध करावे लागे. त्यासाठी सोबत्यांच्या साक्षी, लग्नाची हकीकत, मुलांची नावे आणि स्वतःची जुनी-नवी नावे सांगावी लागत. कोरड्या नोंदवहीनंतर अशी फाइल उघडली की त्या माणसाचे घरदार पहिल्यांदा दिसू लागते. दप्तरखान्यात एकच दिवस मिळणार असेल, तर तो या फाइलींना द्यावा असे माझे मत आहे.

आता दुभाष्याकडे वळू, कारण खरी कसोटी तिथे लागते. भाषांतरित निवेदन समोर आले की पाच गोष्टी लिहून काढाव्यात: मूळ वक्ता कोण, तो कोणत्या भाषेत बोलला, मध्ये किती माणसे होती व त्यांनी कोणत्या भाषेतून कोणत्या भाषेत नेले, कागदावर कोणी उतरवले, आणि किती काळाने. मार्च १८८६ मध्ये मेक्सिकोतील कॅन्यन दे लोस एम्बुदोस येथे अपाची नेता जेरोनिमो जनरल क्रूकशी बोलला. ते बोलणे दुभाष्यांच्या तोंडून आले आणि कॅप्टन जॉन बर्क याने जागच्या जागी टिपून घेतले. म्हणजे काळाचे अंतर जवळजवळ शून्य. भाषेचे अंतर मात्र मोठे होते, कारण सरहद्दीवर अपाचीतून स्पॅनिश आणि स्पॅनिशमधून इंग्रजी अशी दुहेरी उतरंड नेहमीची होती. अशा कागदातील आशय, घटनांचा क्रम आणि तक्रारीचा मुद्दा यांवर भिस्त ठेवावी. एकेका शब्दावर किंवा डौलदार वाक्यावर ठेवू नये. जेरोनिमोच्या तोंडी इंग्रजीत जी सुंदर वाक्ये आहेत, त्यांतले सौंदर्य कोणाचे, हे आपण सांगू शकत नाही.

दुभाषी हा निर्जीव नळ नसतो, हे सतत ध्यानात ठेवावे. १९ ऑगस्ट १८५४ रोजी फोर्ट लॅरमीजवळ एका गायीच्या भांडणावरून लेफ्टनंट ग्रॅटन लाकोटांच्या छावणीत गेला, तेव्हा त्याचा दुभाषी ल्युसियन ऑगस्ट दारू प्यालेला होता आणि लाकोटांना डिवचत होता. लाकोटा भाषा जाणणारा व्यापारी जेम्स बोर्डो जवळच होता. परंतु त्याच्या मध्यस्थीचा उपयोग होण्याआधीच गोळीबार सुरू झाला. ग्रॅटन, त्याचे २९ सैनिक आणि दुभाषी या सर्वांचा त्यात अंत झाला.

दुसरे उदाहरण अधिक वादग्रस्त आहे, म्हणून ते अधिक जपून हाताळावे. ऑगस्ट १८७७ च्या अखेरीस लेफ्टनंट विल्यम क्लार्क याने लाकोटा नायक क्रेझी हॉर्सला लष्कराशी लढत असलेल्या नेझ पर्स लोकांविरुद्ध वाटाडे घेऊन येण्याची गळ घातली. दुसऱ्या दुभाष्यांच्या सांगण्यानुसार क्रेझी हॉर्स म्हणाला की एकही नेझ पर्स उरणार नाही तोवर आपण लढू. ग्रुआर्डने त्याचे भाषांतर ‘एकही गोरा उरणार नाही तोवर’ असे केले. पुढच्या काही दिवसांतच, ५ सप्टेंबरला, क्रेझी हॉर्स कॅम्प रॉबिन्सन येथे संगिनीच्या घावाने मारला गेला. ग्रुआर्ड चुकला की त्याने मुद्दाम तसे केले, यावर आजही मतभेद आहेत. अशा ठिकाणी प्रत्येक साक्ष कोणाची, ती कधी दिली आणि साक्षीदाराचे ग्रुआर्डशी संबंध कसे होते, हे वेगवेगळे मांडावे. त्याच्याविरुद्धच्या साक्षी बहुतांशी घटनेनंतर अनेक वर्षांनी दिलेल्या आहेत. त्यामुळे त्या खोट्या ठरत नाहीत, मात्र त्यांचे वजन ठरवताना हे अंतर मोजले पाहिजे.

दुभाषी नसला तर काय होते, तेही पाहण्यासारखे आहे. लिटल बिगहॉर्ननंतर कर्ली हा तरुण क्रो वाटाड्या नदीच्या मुखाशी उभ्या असलेल्या ‘फार वेस्ट’ या आगबोटीवर पोचला. त्याला इंग्रजी येत नव्हते आणि बोटीवर क्रो भाषा जाणणारे कोणी नव्हते. त्याने हातवारे करून आणि चित्र काढून जे सांगितले, ते तिथल्या लोकांना अर्धवटच कळले. पुढे त्याच्या अनेक मुलाखती वेगवेगळ्या दुभाष्यांमार्फत झाल्या, त्यांत फरक पडले आणि त्यांवरून त्याला लबाड ठरवणारेही निघाले. माझ्या दृष्टीने हा त्याच्यावर मोठा अन्याय आहे. त्या मुलाखती शेजारी-शेजारी ठेवून प्रत्येकीवर दुभाष्याचे नाव लिहावे, आणि मगच विसंगतीचा दोष कोणाकडे जातो ते पाहावे.

वाटाड्याचे प्रत्यक्ष काम समजून घ्यायचे तर नकाशा उघडल्याशिवाय भागत नाही. मागावरच्या शेणाची ताजेपणाची खूण, तंबूंच्या जागा, चुलींची राख, घोड्यांच्या टापांची दिशा यांवरून ते शत्रूची संख्या आणि वेळ सांगत. २५ जून १८७६ च्या पहाटे क्रोज नेस्ट या उंचवट्यावरून क्रो आणि अरिकारा वाटाड्यांना सुमारे २५ किलोमीटरवरचा घोड्यांचा प्रचंड कळप दिसला. त्यांचा अधिकारी लेफ्टनंट वार्नम याला, गवतावर वळवळणारे किडे शोधावेत तसे पाहा, असे सांगूनही तो दिसला नाही. दिवसाची वेळ, उन्हाची दिशा आणि मधल्या टेकड्या नकाशावर मांडल्या की कोणाला काय दिसू शकत होते, याचा अंदाज बांधता येतो. त्या मोहिमेतून वाचलेल्या अरिकारा वाटाड्यांची कथने १९१२ मध्ये नोंदवली गेली. आदल्या दिवशी रोझबड नदीकाठी सापडलेल्या सूर्यनृत्याच्या छावणीतील वाळूवरच्या खुणांवरून शत्रू विजयाची खात्री बाळगून आहे हे त्यांनी ओळखले होते, ही गोष्ट त्या कथनांमुळे आपल्याला कळते. ३६ वर्षांनंतरची स्मृती असली, तरी खुणा वाचणाऱ्याचे स्वतःचे म्हणणे तिच्यात आहे.

हेतू लिहिताना घाई करू नये. क्रो, पॉनी आणि अरिकारा यांचे लाकोटांशी जुने वैर होते आणि आपली भूमी राखण्यासाठी त्यांना लष्कर हा सोबती वाटला. अपाचींपैकी अनेकांना राखीव क्षेत्राच्या कुंपणातून बाहेर पडण्याचा, बंदूक आणि रोख पगार मिळण्याचा तो एकमेव मार्ग होता. निष्ठा कुठे होती, हा प्रश्न त्यांनाही छळत असे. ३० ऑगस्ट १८८१ रोजी ॲरिझोनातील सिबिक्यू येथे वाटाडे आपल्याच पलटणीवर उलटले आणि त्यांपैकी तिघांना मार्च १८८२ मध्ये फोर्ट ग्रँट येथे फाशी झाली. १८८६ मध्ये मार्तीन आणि कायिता हे दोघे अपाची वाटाडे लेफ्टनंट गेटवुडच्या वतीने जेरोनिमोच्या डोंगरात जीव धोक्यात घालून गेले. जेरोनिमो शरण आल्यावर त्या दोघांनाही बाकीच्या चिरिकावा अपाचींबरोबर कैदी म्हणून फ्लोरिडाला पाठवण्यात आले. म्हणून सुटकेच्या तारखेपाशी फाइल बंद करू नये. तिथून पुढे इंडियन खात्याच्या वार्षिक शिरगणतीच्या याद्यांत आणि कैद्यांच्या याद्यांत त्या माणसाला शोधत राहावे.

शेवटी, मध्ये कोणाचेही तोंड नसलेली साधनेही आहेत. क्रो वाटाड्या व्हाइट स्वान लिटल बिगहॉर्नच्या लढाईत जबर जखमी झाला. हाफ यलो फेस याने त्याला तिथून हलवले. पुढे व्हाइट स्वान बहिरा झालेला असल्याने खुणांनी बोलत असे, आणि त्याने आपल्या पराक्रमाची चित्रे कापडावर व कागदावर काढली. ती पाहताना घटना बहुधा उजवीकडून डावीकडे सरकते हे लक्षात ठेवावे, टापांच्या छोट्या वक्र खुणांवरून स्वार कोणत्या वाटेने आला ते बोट ठेवून शोधावे, आणि चेहऱ्यांपेक्षा केशरचना, ढाल व घोड्याच्या खुणा यांवरून माणूस ओळखावा.