क्लोन केलेली विंडोज ७ सुरू होईना: माझा अनुभव

डॉसवर चालणाऱ्या जुन्या इमेजिंग सॉफ्टवेअरने (डिस्कची जशीच्या तशी नक्कल, म्हणजे क्लोन करणाऱ्या) विंडोज ७ हार्डडिस्कवरून एसएसडीवर घेतली. कॉपी १०० टक्के, पण बूट होताना (सुरू होताना) ०एक्ससी००००००ई ही एरर. फाइली शाबूत होत्या. बूटची नोंद डिस्क सिग्नेचर (डिस्कचा ओळख क्रमांक) आणि पार्टिशनची (डिस्कच्या विभागाची) सुरुवात पाहून ड्राइव्ह शोधते. क्लोनमध्ये सिग्नेचर बदललं होतं.

शिवाय पार्टिशन ६३व्या सेक्टरपासून (सेक्टर म्हणजे डिस्कचा ५१२ बाइटचा तुकडा). ६३ × ५१२ = ३२,२५६; याला एसएसडीच्या ४,०९६ बाइटच्या पानाने भाग जात नाही, म्हणून एसएसडी रडतखडत लिहिते. विंडोजच्या डिस्कपार्ट या कमांडने २०४८व्या सेक्टरपासून पार्टिशन बनवून ॲक्टिव्ह (बूट होण्याजोगं) केलं आणि फक्त पार्टिशन पुन्हा क्लोन केलं.

मग जुनी डिस्क काढून (दोन्ही जोडून बूट करणं म्हणजे नसती भानगड), विंडोजच्या डीव्हीडीवरून कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘बीसीडीबूट सी:\विंडोज’ देऊन बूटची नोंद नव्याने बनवली. आधी ‘डीआयआर’ने (फाइलींची यादी दाखवणारी कमांड) ड्राइव्हचं अक्षर तपासा, तिथे सीचं डी झालेलं असू शकतं.