मुसळी लावा, पण रान खणून बेणे आणू नका

मृगाचा पाऊस जवळ आला की सफेद मुसळीच्या, म्हणजे मुळ्या औषधासाठी विकल्या जाणाऱ्या वनस्पतीच्या, बेण्याची शोधाशोध सुरू होते. रानातून खणून आणलेले बेणे स्वस्त पडते, म्हणून बरेच जण तेच घेतात. कृपा करून ते घेऊ नका.

मुसळीचे बी रानात फार कमी उगवते. तिचा वंश चालतो तो मुळ्यांच्या झुपक्यावर असलेल्या डोळ्यामुळे, म्हणजे कोंब फुटायच्या जागेमुळे. डोळ्यासकट झुपका उपटला की त्या जागी पुढच्या पावसात काही येत नाही. त्यातही भाद्रपदात, पाने हिरवी असतानाच खणतात. तेव्हा मुळ्या कोवळ्या असतात, वाळल्यावर सुरकुततात, भाव पडतो आणि तेवढ्याच पैशासाठी आणखी रान खणावे लागते. सातपुड्यात, मेळघाटात मुसळी जपायची असेल तर हे आधी थांबायला हवे.

बेणे लागवड करणाऱ्या शेतकऱ्याकडून किंवा खात्रीच्या रोपवाटिकेतून घ्या. प्रत्येक मुळीला वरचा डोळा हवाच. नुसती मुळी कितीही जाड असली तरी फुटत नाही. पाच ते दहा ग्रॅमच्या निरोगी मुळ्या निवडा, ट्रायकोडर्मा (मुळ्यांची कूज रोखणारी उपयोगी बुरशी) लावा आणि चांगला पाऊस झाल्यावर ३० बाय १५ सेंटिमीटरवर लावा. डोळा मातीखाली खोल गाडू नका. जमीन निचऱ्याची, भुसभुशीत असावी. भारी काळ्या जमिनीत पाणी साचून मुळ्या सडतात, तिथे हे पीक नकोच; हलक्या-मध्यम जमिनीतही गादीवाफेच करा.

साधारण तीन महिन्यांनी पाने पिवळी पडून गळतात. इथेच घाई होते. पाने गेली म्हणजे मुळी तयार झाली असे नाही. तिची साल गडद तपकिरी होईपर्यंत, माघ-फाल्गुनापर्यंत, ती जमिनीतच राहू द्या. माती आवळू नये म्हणून अधूनमधून हलके पाणी द्या. काढणीनंतर पुढच्या हंगामाचे बेणे आधी बाजूला काढून सावलीत, कोरड्या वाळूत ठेवा आणि उरलेला माल सोलून वाळवा.

जंगलालगतच्या गावांनी पाने सुकून बी पडल्याशिवाय रानातली मुसळी खणूच नये, आणि खणली तरी डोळ्याचा भाग एक-दोन मुळ्यांसह तिथेच पुरावा. पावसाच्या सुरुवातीची फोडशीची भाजी मुसळीच्याच कुळातली. तिचीही पाने कापून घ्या, कंद उपटू नका.

गिऱ्हाईक मात्र लागवडीआधीच बघा. २००० नंतरच्या काही वर्षांत "माल आम्हीच परत घेऊ" या शब्दावर महागडे बेणे घेऊन कितीतरी शेतकरी फसले. पिकाची नोंद सरकारच्या ई-पीक पाहणी ॲपवर करा, बेण्याची पावती जपा. म्हणजे माल शेतातला आहे, रानातला नाही, हे विकताना दाखवता येते.