पायवाटेवरचं पाणी वळवलं

टेकडीच्या उतारावरची आमची रोजची पायवाट दर पावसाळ्यात ओहोळ व्हायची. मधोमध चर पडायचा, चिखल चुकवायला लोक कडेच्या गवतातून चालायचे आणि वाट आणखी रुंद, आणखी उघडी व्हायची. दोन वर्षं मी त्या चरात मुरूम भरत राहिलो. पहिल्या जोरदार सरीत सगळं वाहून जायचं.

शेवटी भर पावसात वाटेवर जाऊन उभा राहिलो आणि पाणी कुठून शिरतं ते पाहिलं. हे आधीच करायला हवं होतं. पाणी वरच्या वळणावर वाटेत उतरत होतं, पण बाहेर पडायला जागाच नव्हती. उताराकडच्या कडेला मातीचा बांध साचला होता. तो कुदळीने फोडला. पाणी त्या कडेने बाहेर वळावं म्हणून वळणाखाली लांबट दगड वाटेला तिरके, साधारण ४५ अंशांत, बसवले आणि निम्म्याहून जास्त जमिनीत गाडले. वाटेला काटकोनात लावले तर मागे पाणी तुंबून गाळ साचतो.

पावसाळ्यात अधूनमधून दगडांमागचा गाळ आणि पालापाचोळा मात्र काढावाच लागतो. कडेचं गवत परतलंय. चालताना आता नजर पायांखालून उठून झाडांवरच्या पक्ष्यांकडे जाते.