अमेरिकेतल्या शाळेआधी: लसीचे कागद आणि मुलांची हजेरी

अमेरिकेला जायचं पक्कं झालं की घरात सगळ्यांचं लक्ष व्हिसा आणि बॅगांच्या वजनाकडे लागतं. मुलाचं लसीकरण कार्ड मात्र कुठल्या तरी फाइलमध्ये पडून राहतं. ते आजच बाहेर काढा. तिथे कार्ड अपुरं निघालं तर शाळा मुलाला घरी बसवते आणि गैरहजेरी लागते ती मुलाच्या नावावर. कागद मोठ्यांनी जमवायचे आणि खाडे मुलाचे मोजायचे, हे मला फार अन्यायाचं वाटतं. म्हणूनच तयारी आधीपासून हवी.

कार्डावरचं नाव पासपोर्टशी अक्षरन् अक्षर जुळतंय का, ते आधी बघा. मग तारखा. ०५/०८/२०२० ही आपल्याकडे ५ ऑगस्ट, तिथे ८ मे. त्यामुळे आपल्या बालरोगतज्ज्ञांकडून लेटरहेडवर इंग्रजीत नवी यादी करून घ्या, महिना अक्षरात लिहायला सांगा आणि सही-शिक्का घ्या. मराठीत लिहिलेलं मूळ कार्डही सोबत असू द्या.

आता तीच यादी तिथल्या शाळेच्या नर्सच्या नजरेने वाचायची, कारण लसीचे कागद तीच तपासते. सगळ्यात जास्त अडचण इथेच येते. नवव्या महिन्यात दिलेली गोवर-रुबेलाची लस तिथे धरत नाहीत. पहिल्या वाढदिवसानंतरचे एमएमआरचे, म्हणजे गोवर, गालगुंड आणि रुबेला यांच्या एकत्र लसीचे, दोन डोस लागतात, आणि आपल्या सरकारी एमआर (गोवर-रुबेला) लशीत गालगुंडाचा भाग नसतो. १ एप्रिल २०१६ पासून दिलेले पोलिओचे तोंडावाटेचे थेंबही मोजत नाहीत. प्रत्येक पल्स पोलिओला नेलेल्या मुलालाही इंजेक्शनचे डोस घ्यावे लागू शकतात. हेपटायटिस बी चा शेवटचा डोस वयाच्या २४ आठवड्यांनंतरचा हवा, आणि हेपटायटिस बी ज्यात असते ती आपली पेंटाव्हॅलंट (पाच रोगांवरची एकत्र लस) तर चौदाव्या आठवड्यात संपते. कांजिण्यांची लस सरकारी वेळापत्रकात नाही, तिथे मात्र बहुतेक राज्यांत दोन डोस मागतात.

राहिलेले डोस हवे तेव्हा उरकता येत नाहीत. एमएमआर आणि कांजिण्यांची लस एकाच दिवशी द्यावी, नाहीतर मध्ये २८ दिवस जाऊ द्यावे. एक सोमवारी आणि दुसरी शुक्रवारी दिली, तर दुसरी बाद धरतात. तेरा वर्षांखालच्या मुलांना कांजिण्यांच्या दोन डोसांत तीन महिन्यांचं अंतर ठेवतात. जाण्याआधी चार महिने हाताशी असतील तर बरंच काही इथेच होऊन जाईल.

तेवढा वेळ नसेल तर ज्या राज्यात जाताय तिथली सवलत शोधा, कारण नियम राज्यागणिक बदलतात. कॅलिफोर्नियात पुढच्या डोसची तारीख अजून आलेली नसेल तर सशर्त प्रवेश मिळतो. न्यू यॉर्कमध्ये साधारण १४ दिवसांची मुदत असते. दुसऱ्या देशातून आलेल्या मुलासाठी प्रामाणिक प्रयत्न चालू असल्याचं दाखवलं, तर मुख्याध्यापक ती ३० दिवसांपर्यंत वाढवू शकतात. डॉक्टरच्या अपॉइंटमेंटचा कागद हाच तो पुरावा, तो जपून ठेवा. विमा सुरू झाला नसेल तरी थांबू नका. विमा नसलेल्या मुलांना १८ वर्षांपर्यंत सरकारी योजनेतून लस फुकट मिळते, काउंटीच्या (तिथला जिल्हा) आरोग्य विभागात चौकशी करा.

हजेरीचं खातं वेगळं. लसीचे कागद नर्स बघते, खाडे अटेंडन्स ऑफिस लिहितं, आणि एकाचं दुसऱ्याला कळलेलं असेलच असं धरून चालू नका. ईमेल दोघांनाही करा. डॉक्टरकडे जाण्यासाठीचा खाडा कॅलिफोर्नियाच्या कायद्यात एक्सक्यूज्ड, म्हणजे सबळ कारणाचा, आहे, फक्त दवाखान्याची चिठ्ठी त्याच आठवड्यात पोचवा. पण कागद अपुरे म्हणून शाळेनेच घरी पाठवलं, तर ते दिवस एक्सक्यूज्ड की अनएक्सक्यूज्ड, हे राज्य आणि स्कूल डिस्ट्रिक्ट (शाळा चालवणारी स्थानिक संस्था) पाहून ठरतं. ते लेखी विचारून घ्या, आणि पहिल्याच दिवशी. कॅलिफोर्नियात सबळ कारणाशिवाय तीन पूर्ण दिवस बुडाले की मूल ‘ट्रुअंट’, म्हणजे शाळा बुडवणारं, ठरतं.

एक्सक्यूज्ड म्हटलं म्हणून निर्धास्त होऊ नका. दहा टक्के दिवस बुडाले की मूल दीर्घ गैरहजर धरतात आणि त्यात दोन्ही प्रकारचे खाडे येतात. १८० दिवसांच्या वर्षात ते १८ दिवस होतात. शाळेत गोवर निघाला आणि तुमच्या मुलाची लस झालेली नसली, तर संपर्कानंतर २१ दिवस घरी ठेवतात, म्हणजे शाळेचे १५ दिवस. एका साथीतच मूल काठावर येतं. लस झालीये पण कागद सापडत नाही, तरी हेच. रक्ताच्या तपासणीने गोवराची प्रतिकारशक्ती सिद्ध करता येते, पण अहवाल यायला दिवस जातात, म्हणून साथीची वाट न बघता करून ठेवा.

एवढं करूनही घरी बसायची वेळ आलीच, तर त्याच सकाळी वर्गशिक्षिकेकडून अभ्यास मागवा आणि मूल कुठल्या कागदावर, कुठल्या तारखेला परत येऊ शकेल, हे नर्सकडून लिहून घ्या.