दिवाळीची चॉकलेटं करायचीत? आधी स्लॅबचं ठरवा

मोल्ड, चकचकीत कागद, डबे हे सगळं नंतर, आधी चॉकलेट कुठलं घ्यायचं ते ठरवा कारण पुढची अख्खी यादी त्यावर बदलते. क्रॉफर्ड मार्केटात किंवा जवळच्या केक सामानाच्या दुकानात स्लॅब हातात घेतला की उलटा करून मागचं वाचा, हायड्रोजिनेटेड व्हेजिटेबल फॅट लिहिलं असेल तर ते कम्पाउंड आणि फॅट म्हणून कोको बटरच असेल तर खरं चॉकलेट. लेबल नसलेली सुटी पाकिटं घेऊच नका.

ऑक्टोबरचा उकाडा, घरात एसी नाही आणि शंभरेक चॉकलेटं करायचीत तर मी सरळ कम्पाउंड घेते, वितळवा, ओता, झालं, टेम्परिंग, म्हणजे वितळवून ठरावीक तापमानाला उतरवून परत थोडं गरम करणं, लागत नाही. फक्त एक तुकडा नुसता खाऊन बघा, टाळूला मेणासारखं चिकटलं तर तो ब्रँड सोडा, आत गुलकंद भरला तरी ती चव लपत नाही.

थंडीत करणार असाल तर मात्र कुव्हर्चर, म्हणजे जास्त कोको बटरचं खरं चॉकलेट, घ्याच, चवीत खरंच जमीन-अस्मानाचा फरक आहे. त्यात कोको बटर निदान ३१ टक्के असतं म्हणून ते छान पातळ वितळतं आणि डिपिंगला, म्हणजे खजूर-बदाम त्यात बुडवून काढताना, पातळ थर बसतो. मग थर्मामीटर हवाच, डार्क ४५ ते ५० डिग्रीला वितळवायचं, २७-२८ पर्यंत उतरवायचं आणि परत ३१-३२ ला आणून वापरायचं, मिल्कला शेवटी २९-३०. हे चुकलं की कोको बटर नीट जमत नाही, चॉकलेट आकसत नाही आणि मोल्डमधून सुटता सुटत नाही, वर पांढरट डाग येतात ते वेगळेच. सुरीचं टोक बुडवून बाजूला ठेवा, पाचेक मिनिटांत चकचकीत वाळलं तरच पुढे जा.

कम्पाउंड आणि कुव्हर्चर एकत्र करू नका, मागच्या वर्षी उरलंसुरलं मिसळलं आणि अख्खा घाणा मऊ आणि पांढुरका झाला. चॉकलेट चिप्सही नकोत, त्या ओव्हनमध्ये आकार धरून राहाव्यात म्हणून केलेल्या असतात, वितळल्या तरी घट्टच.

डिपिंगला जास्त लागतं हं, पाव किलो खजूर-बदामाला अर्धा किलो धरा म्हणजे वाडगं खोल भरतं, उरलेल्यात भाजलेले काजू घालून कागदावर पसरा.

पाण्याचा थेंब सगळ्याचा सत्यानाश करतो, चॉकलेट घट्ट गोळा होऊन बसतं. मोल्ड आदल्या दिवशी धुऊन वाळवून कापसाने पुसून ठेवा, वाडगं-चमचे कोरडे, रंग तेलातलेच. स्ट्रॉबेरी असेल तर पुसून पूर्ण कोरडी करा आणि त्याच दिवशी संपवा. कम्पाउंड फ्रीजमध्ये दहा-पंधरा मिनिटंच, बाहेर काढल्यावर लगेच गुंडाळू नका, त्यावर बाष्प धरतं, ते जाऊ दे मग कागद लावा.