बायॉस उडालेला मदरबोर्ड पुन्हा कसा उभा करावा

बायॉसचे, म्हणजे संगणक सुरू करणाऱ्या मदरबोर्डवरच्या पहिल्या प्रोग्रामचे, अपडेट चालू असताना वीज गेली, किंवा संगणक मध्येच अडकला म्हणून बटण दाबून बंद करावा लागला, की पुढचे दृश्य ठरलेले असते. पंखे फिरतात, कीबोर्डचा दिवा लागलाच तर क्षणभर लागतो, आणि पडदा काळाच राहतो. दुरुस्तीच्या दुकानात याला ‘बायॉस उडाला’ म्हणतात. काही ठिकाणी तर कॅबिनेट उघडण्याआधीच नवा बोर्ड घेण्याचा सल्ला मिळतो. परंतु अशा वेळी बोर्ड बहुधा धडधाकट असतो. त्यावरच्या आठ पायांच्या एका चिपमध्ये साठवलेला मजकूर तेवढा अर्धवट राहिलेला असतो, आणि तो पुन्हा भरता येतो.

ही चिप म्हणजे एसपीआय फ्लॅश. तिची क्षमता सहसा ८, १६ किंवा ३२ एमबी असते आणि प्रोसेसर सुरू होताच पहिल्या सूचना तिच्यातूनच उचलतो. फ्लॅशमध्ये जुन्या मजकुरावर थेट नवे लिहिता येत नाही. आधी एकेक कप्पा पुसावा लागतो आणि मग तो भरावा लागतो. त्यामुळे काम मध्येच थांबले तर चिपचा काही भाग नवा, काही जुना आणि काही कोरा अशी स्थिती होते. रॅम, प्रोसेसर किंवा ग्राफिक्स कार्ड यांना त्यातून काहीही झालेले नसते.

घाई करण्यापूर्वी अपडेट खरोखरच फसले आहे का, याची खात्री करावी. नव्या बायॉसनंतर बोर्ड रॅमची जुळणी पहिल्यापासून करतो आणि डीडीआर५ रॅम असलेल्या बोर्डांवर या कामाला काही मिनिटे लागू शकतात. तेवढा वेळ पडदा काळाच असतो. माझ्या भाच्याने याच काळ्या पडद्याला घाबरून तीनदा प्लग उपटला होता, आणि जे बिघडलेले नव्हते ते बिघडवण्याची पुरेपूर संधी त्याने साधली होती. निदान १५ मिनिटे संगणकाला हात लावू नये. तरीही काही दिसले नाही तर एसएमपीएसची (संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्याची) वायर भिंतीतून काढावी, पॉवरचे बटण दहा सेकंद दाबून उरलेली वीज निचरू द्यावी, बोर्डावरचा सीआर२०३२ सेल पाच मिनिटे बाहेर ठेवावा आणि मग एकच रॅम पट्टी लावून पाहावे. कित्येक ‘उडालेले’ बायॉस एवढ्यावरच मार्गी लागतात, कारण नव्या आवृत्तीशी न जुळणाऱ्या जुन्या सेटिंग्ज हेच त्यांचे दुखणे असते.

आणखी एक शक्यता तपासावी लागते. एएमडीच्या एएम४ पिढीत १६ एमबीची चिप नव्या प्रोसेसरांना अपुरी पडू लागली, तेव्हा काही बोर्डांच्या बायॉसमधून जुन्या ए-मालिकेतल्या प्रोसेसरांचा आधार काढून टाकण्यात आला. असा जुना प्रोसेसर लावून नवे बायॉस चढवले, तर अपडेट नीट पूर्ण होऊनही बोर्ड उठत नाही. म्हणून आपण चढवलेल्या आवृत्तीखाली निर्मात्याने काय लिहिले आहे, ते दुसऱ्या संगणकावर एकदा वाचून घ्यावे.

बोर्डातच असलेले उपाय

चिपला हात लावण्याआधी निर्मात्याने ठेवलेली मागची वाट शोधावी. गिगाबाइटच्या अनेक बोर्डांवर बायॉसच्या दोन चिप असतात. मुख्य चिप बिघडली की दुसरीवरून ती भरून घेण्याची सोय त्यात असते. बोर्ड काही वेळा आपोआप बंद-चालू होऊ लागला तर ही भरपाई सुरू असण्याची शक्यता असते, त्यामुळे तेव्हाही मध्ये पडू नये.

आजच्या मधल्या आणि वरच्या श्रेणीतल्या बोर्डांवर मागच्या पट्टीत ‘फ्लॅशबॅक’चे बटण असते आणि त्यासाठी एक विशिष्ट यूएसबी पोर्ट राखलेला असतो. ही सोय प्रोसेसर किंवा रॅम नसतानाही चालते, कारण बोर्डावरचा एक स्वतंत्र नियंत्रक पेन ड्राइव्हमधली फाइल वाचून स्वतःच चिप भरतो. पेन ड्राइव्ह लहान क्षमतेचा घ्यावा आणि फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट करावा. फाइल झिपमधून बाहेर काढून थेट मुळाशी ठेवावी, कोणत्याही फोल्डरमध्ये नाही. खरी मेख फाइलच्या नावात असते. एमएसआयच्या बोर्डाला ‘एमएसआय डॉट रॉम’ या नावाची फाइल हवी असते, गिगाबाइटला ‘गिगाबाइट डॉट बिन’ आणि अझरॉकला ‘क्रिएटिव्ह डॉट रॉम’. आसुसच्या बोर्डाचे नाव मात्र मॉडेलनुसार बदलते आणि ते देणारा छोटा प्रोग्राम झिपमध्येच मिळतो. ही नावे अर्थातच इंग्रजी लिपीत द्यायची. विंडोजने फाइलींची विस्तारनामे लपवली असतील तर ‘डॉट रॉम डॉट रॉम’ असे दुहेरी नाव तयार होते, बोर्ड ती फाइल ओळखत नाही आणि आपण बटण दाबत बसतो.

एसएमपीएसची २४ पिनांची आणि प्रोसेसरची ८ पिनांची अशा दोन्ही वायरी लावून, संगणक बंद ठेवून बटण काही सेकंद दाबले की शेजारचा दिवा लुकलुकू लागतो. साधारण पाच ते आठ मिनिटांनी तो विझला म्हणजे काम झाले. सुरुवातीलाच दिवा काही सेकंद लुकलुकून स्थिर झाला, तर बोर्डाने फाइल स्वीकारलेली नाही; अशा वेळी बहुतेकदा पेन ड्राइव्ह बदलून उपयोग होतो.

लॅपटॉपमध्ये हीच सोय कळांच्या जोडीत दडलेली असते. एचपीच्या बऱ्याच लॅपटॉपांत विंडोजची कळ आणि ‘बी’ दाबून धरून पॉवरचे बटण दाबावे लागते, तर डेलच्या अलीकडच्या मॉडेलांत कंट्रोल आणि एस्केप दाबून ठेवून चार्जर जोडावा लागतो. दोन्ही ठिकाणी चार्जर आवश्यक आहे.

चिप थेट भरणे

वरचे काहीही लागू पडले नाही तर प्रोग्रामर, म्हणजे चिपमधला मजकूर बाहेरून वाचणारे आणि लिहिणारे उपकरण, घ्यावा लागतो. सीएच३४१ए हा लहानसा प्रोग्रामर आणि आठ पायांची क्लिप मुंबईत लॅमिंग्टन रोडवर, पुण्यात तपकीर गल्लीत किंवा ऑनलाइन काही शे रुपयांत मिळते. तो स्वस्त असण्याची किंमतही आहे. त्याच्या काळ्या रंगाच्या प्रचलित आवृत्तीत चिपला वीज ३.३ व्होल्टची मिळते, पण माहितीच्या तारांवर मात्र ५ व्होल्ट येतात. अनेक चिपा हे सोसतात, म्हणून लोक बिनदिक्कत वापरतात. मी तसा सल्ला देणार नाही. व्होल्टेज निवडण्याची सोय असलेला प्रोग्रामर थोडा महाग पडतो, पण तोच घ्यावा.

व्होल्टेजचा प्रश्न चिपच्या नावाशी बांधलेला आहे. मोबाइलचा टॉर्च तिरपा धरून कॅमेऱ्याने चिपचा फोटो काढावा, कारण अक्षरे इतकी पुसट असतात की नुसत्या डोळ्यांना ती क्वचितच लागतात. विनबाँडच्या ‘२५क्यू१२८एफव्ही’ या चिपला ३.३ व्होल्ट लागतात आणि ‘२५क्यू१२८एफडब्ल्यू’ला १.८ व्होल्ट; फरक केवळ शेवटच्या अक्षराचा आहे. मॅक्रॉनिक्सच्या चिपांत ‘२५एल’ म्हणजे ३.३ आणि ‘२५यू’ म्हणजे १.८ व्होल्ट. एएम४ पिढीच्या अनेक बोर्डांवर आणि कित्येक लॅपटॉपांवर १.८ व्होल्टची चिप असते. तिच्यासाठी प्रोग्रामर आणि क्लिप यांच्यामध्ये १.८ व्होल्टचा अडॅप्टर लावावाच लागतो. नावातला ‘१२८’ हा आकडा मेगाबिटांचा आहे. आठाने भागले की १६ एमबी मिळतात.

क्लिप लावण्यापूर्वी एसएमपीएस पूर्ण सोडवावा, सेल काढावा, लॅपटॉप असेल तर बॅटरीही काढावी. चिपच्या एका कोपऱ्यात बारीक ठिपका असतो. तो पहिला पाय, आणि क्लिपच्या पट्टीतली लाल तार त्याच बाजूला यायला हवी. क्लिप उलटी बसली तर वीज चुकीच्या पायावर जाते आणि तेव्हा मात्र चिप खरोखरच मरू शकते. पायांवर धूळ किंवा वार्निश असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने आणि टूथब्रशने घासून घ्यावे. क्लिप वरून सरळ दाबून बसवावी आणि मग हात काढून ती स्वतःहून उभी राहते का ते पाहावे; कलली तर पुन्हा लावावी.

आता या साऱ्या कामातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट : लिहिण्याआधी वाचावे. चिपमधला मजकूर बिघडलेला असला तरी तो पुसण्याआधी त्याची संपूर्ण प्रत काढावी, कारण त्यात केवळ निर्मात्याचे बायॉस नसते. बोर्डाचा अनुक्रमांक, इंटेलची नेटवर्क चिप असेल तर तिचा मॅक पत्ता (नेटवर्कवरचा ओळख-क्रमांक), आणि विंडोजसह विकल्या गेलेल्या लॅपटॉपांत विंडोजची परवाना-कळ, एवढे सारे त्या एका चिपमध्ये असते. हे कोणत्याही संकेतस्थळावर मिळणार नाही. मी पहिल्यांदा हे काम केले तेव्हा हा विचार न करता निर्मात्याची फाइल सरळ भरली. संगणक सुरू झाला आणि मी खूश झालो. नंतर लक्षात आले, की त्याचा मॅक पत्ता ८८:८८:८८:८८:८७:८८ असा झाला आहे. त्या फाइलमध्ये भरलेला तो नमुन्याचा आकडा होता. खरा पत्ता बोर्डावर २४ पिनांच्या कनेक्टरच्या कडेला चिकटवलेल्या पट्टीवर होता, म्हणून निभावले.

फ्लॅशरॉम हा मुक्त प्रोग्राम लिनक्सवर चालवून किंवा प्रोग्रामरसोबतच्या विंडोज प्रोग्रामने चिप ओळखून घ्यावी. ओळख पटत नसेल, किंवा वाचलेली फाइल नुसत्या ‘एफएफ’ने अथवा शून्यांनी भरलेली असेल, तर चिप कोरी आहे असे समजू नये, बहुतेक वेळा क्लिपचा एखादा पाय टेकलेला नसतो. कधी बोर्डावरचे इतर भाग प्रोग्रामरची तुटपुंजी वीज ओढून घेतात. यूएसबीची लांब वायर टाळून प्रोग्रामर संगणकाच्या मागच्या पोर्टात थेट लावल्यास थोडा फरक पडतो. तरीही जमले नाही, तर चिप गरम हवेने सोडवून सॉकेटमध्ये बसवणे हाच मार्ग उरतो. हे काम सवयीच्या कारागिराकडे द्यावे.

प्रत एकदा काढून थांबू नये. दोनदा वाचून, दोन्ही फाइलींचा एसएचए-२५६ (फाइलच्या मजकुरावरून निघणारा ओळख-आकडा) काढून तो तंतोतंत जुळतो का ते पाहावे. माझ्या भाच्याच्या बोर्डावर पहिल्या दोन वाचनांचे आकडे जुळले नाहीत. क्लिप काढून पाय पुसले, तरी तिसरे वाचन निराळेच आले. शेवटी क्लिपची पट्टी टेबलाच्या कडेला लोंबकळत असल्याचे दिसले. तिच्याखाली एक वही सरकवली आणि चौथे व पाचवे वाचन अक्षरशः एकसारखे आले. लिहिण्याची परवानगी तिथून पुढे.

लिहायची फाइल तयार करताना तिचा आकार बाइटपर्यंत मोजावा. १६ एमबीच्या चिपसाठी फाइल बरोबर १,६७,७७,२१६ बाइटची हवी. आसुसच्या ‘कॅप’ प्रकारच्या फाइलीत सुरुवातीला अनेकदा २,०४८ बाइटचे शीर्षक जोडलेले असते, त्यामुळे ती १,६७,७९,२६४ बाइट भरते. ती तशीच भरली तर सारा मजकूर सरकतो आणि बोर्ड उठत नाही. यूईएफआयटूल या प्रोग्रामने शीर्षक वगळून आतला भाग वेगळा काढता येतो. लॅपटॉपच्या फाइलींचे दुखणे याच्या उलट असते : त्या सहसा चिपपेक्षा लहान असतात, कारण त्यांत केवळ बायॉसचा विभाग असतो. इंटेलच्या यंत्रांत चिपच्या आरंभी विभागांचा नकाशा, पुढे मॅनेजमेंट इंजिन (इंटेलचा स्वतंत्र अंतर्गत प्रोग्राम) आणि शेवटी बायॉस अशी मांडणी सामान्यतः असते. त्यामुळे आपण काढलेल्या प्रतीतला बायॉसचा विभाग तेवढा नव्याने बदलून बाकीचे जसेच्या तसे ठेवावे लागते. बोर्डाची रिव्हिजनही पाहावी. एकाच नावाच्या बोर्डाच्या १.० आणि २.० या रिव्हिजनांची बायॉस वेगवेगळी असू शकतात, आणि हा आकडा बोर्डाच्याच कोपऱ्यात छापलेला असतो.

मग पुसणे, लिहिणे आणि पडताळणे या तिन्ही पायऱ्या पूर्ण होऊ द्याव्यात. पडताळणीत एका बाइटचीही चूक निघाली तर बोर्ड सुरू करून पाहण्याचा मोह टाळून पुन्हा लिहावे. या कामाला लागणाऱ्या दहा-पंधरा मिनिटांत क्लिपला धक्का लागू नये, आणि लिहिणारा संगणक यूपीएसवर किंवा बॅटरी असलेला लॅपटॉप असावा. ज्या विजेने पहिल्यांदा दगा दिला तिच्यावर दुसऱ्यांदा विसंबण्यात अर्थ नाही.

बोर्ड सुरू झाल्यावर

पहिल्या वेळी पडदा उजळायला पुन्हा काही मिनिटे लागतील. बायॉसमध्ये जाऊन मूळ सेटिंग्ज लागू कराव्यात, तारीख-वेळ नीट करावी आणि हार्ड डिस्क कोणत्या पद्धतीने जोडलेली होती ते आठवून तसेच ठेवावे, नाहीतर विंडोज सुरू होताना निळा पडदा दाखवते. प्रोसेसरमधल्या टीपीएमची, म्हणजे गुप्त कळा जपणाऱ्या भागाची, ओळख या उलाढालीत बदलू शकते. बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद ठेवणारी विंडोजची सोय) चालू असेल तर विंडोज ४८ अंकी रिकव्हरी-कळ मागेल. ती बहुधा मायक्रोसॉफ्टच्या खात्यात साठवलेली असते. ती सापडेपर्यंत बायॉसमध्ये टीपीएम पुसण्याचा पर्याय समोर आला तर त्याला नकार द्यावा. सर्व ठीक चालू लागल्यावर मॅक पत्ता आणि अनुक्रमांक जुन्या प्रतीशी ताडून पाहावेत, आणि ती प्रत बोर्डाच्या मॉडेलचे नाव व तारीख घालून दुसऱ्या डिस्कवर जपून ठेवावी.